घरच्या दगडाची उंची

प्रिय धाकट्या,

पाकिटाची जाडी पाहून तू दचकला असशील, आणि आत माझं अक्षर पाहून जास्तच. तर आधी महत्त्वाचं: बाबा ठणठणीत आहेत. चष्मा हरवतात, सापडला की तो हरवलाच नव्हता असं ठासून सांगतात, म्हणजे सगळं पूर्ववत आहे. दर रविवारी आपण फोनवर बोलतो, मग ही पत्राची खटपट कशाला, असं तुझ्या मनात येईल. त्याचं उत्तर आहे, पण शेवटी. पूर्वपक्ष पुरता मांडल्याशिवाय सिद्धांताकडे जायचं नाही, ही बाबांची शिस्त तुलाही ठाऊक आहे. तू वैद्यकाचं निमित्त काढून तिच्यातून सुटलास, मी राहिले. सोबत पिन लावलेले सोळा कागद आहेत, ते आत्ता बाजूला ठेव. त्यांच्यावर चहाचा कप ठेवू नकोस, एवढी कृपा कर.

माझं काम नेमकं काय आहे हे तुला कधीच नीट कळलेलं नाही. तू लोकांना सांगतोस, ताई ओढा राखते. तेही खोटं नाही. आपल्या मागचा ओढा मोकळा केला तेव्हा सगळे हजर होते. वरची काँक्रीटची स्लॅब फोडली, खालच्या मोठ्या नळातून सरळ धावणाऱ्या पाण्याला वळणं काढून दिली, काठाने रोपं लावली, फीत कापली, फोटो निघाले. मग सगळे घरी गेले. पण ओढा हा काही इमारतीसारखा बांधून होत नाही. बांधून झाल्यावर तो स्वतःच्या मनाने वागू लागतो. तो कसा वागतो ते पाच वर्षं कोणीतरी पाहत राहायचं असतं. ते कोणीतरी म्हणजे मी. दर तीन महिन्यांनी मी बारा ठरलेल्या जागी ओढ्याचा आडवा छेद मोजते, रोपं किती जगली ते बघते, जाळीत किडे पकडून त्यांची हजेरी घेते. शिवाय चाळीस गोटे आम्ही निळ्या रंगाने रंगवून, पांढरे आकडे घालून पात्रात सोडलेत; पाण्याने कुठला गोटा किती पुढे नेला ते शोधत फिरायचं. तुझा धंदा माणसं झोपवण्याचा, माझा एक ओढा जागा आहे ना हे बघण्याचा. तू मागे एकदा सांगितलं होतंस की भूल चढताना जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, डॉक्टर, मी अजून पूर्ण जागा आहे. आणि ते ऐकलं की भूल चढली असं समजून तू सर्जनला मान हलवून खूण करतोस. मी तेव्हा खूप हसले होते. ते लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता थोडं तांत्रिक सांगते, जांभई आवर. उंची मोजायची तर ती कशापासून तरी मोजावी लागते. त्यासाठी एक खूण धरतात, तिला बेंचमार्क म्हणतात. मी तिला ध्रुव म्हणते, आणि पट्टी धरणारे मामा (गेली चार वर्षं माझ्या दुर्बिणीसमोर पट्टी उभी धरून त्यांची स्वतःचीही चण पट्टीसारखी झाली आहे) ते तिला बाईंचा खिळा म्हणतात. ध्रुव हलत नाही, बाकी सगळं हलू शकतं, एवढ्या एका श्रद्धेवर आमचं अख्खं शास्त्र उभं. ठेकेदाराने बसवलेला मूळ खांब त्याच्याच ट्रकने जाता जाता आडवा केला. नवीन खूण कुठे ठोकायची? पितळी खिळा रस्त्यावर टिकत नाही, भंगारवाल्याकडे जातो. मी म्हटलं, आपलं घर आहे की अगदी काठावर. पाचव्या आणि सहाव्या छेदाच्या मधोमध. आणि घरात मागच्या दाराच्या पायरीइतकं अढळ काय आहे?

ती पायरी तुला आठवते. पण ती पायरी होण्याआधी काय होती हे तुला आठवत असेल का, मला खात्री नाही. तू चार वर्षांचा होतास. तो आईचा कपडे धुण्याचा दगड. ओढा उघडा होता तेव्हा वळणावर, पाण्याला लागून असायचा. तुला शेजारी बसवून ती त्याच्यावर कपडे आपटायची; तीन वेळा आपटायचं, उलटवायचं, पुन्हा तीन वेळा. मी अकरा वर्षांची, पिळून ठेवलेले कपडे मोजायचं काम माझ्याकडे. म्हणजे माझं मोजण्याचं खूळ तिथलं. ती गेली, आणि पुढच्या वर्षी ओढ्यावर स्लॅब पडली. पाणी नळात गेलं, आपलं वळण राडारोडा टाकून बुजवलं, आणि त्या बुजवलेल्या जमिनीवर बाबांनी मागची खोली वाढवली. चार शेजाऱ्यांना हाताशी घेऊन त्यांनी तो दगड बाहेर काढला आणि नव्या दाराशी पायरी म्हणून बसवला. म्हणजे दगड होता तिथेच राहिला, फक्त पुरुषभर वर आला. त्याच दगडात मी खिळा ठोकला. ठोकताना बाबा दारात उभे होते. त्यांना म्हटलं, हा आता ध्रुव, हलायचा नाही. ते म्हणाले, ध्रुव हलत नाही असं तुला कोणी सांगितलं? आपण बघतो तेवढा वेळ हलत नाही, इतकंच. मास्तर निवृत्त झाले तरी मुलीच्या वाक्याखाली लाल रेघ मारायची सवय जात नाही, असं मी म्हटलं आणि विषय तिथेच राहिला.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षापासून ओढा वर येऊ लागला. खेपेला पाच मिलिमीटर, कधी चार. मी लिहिलं, गाळ बसतोय. डोहात गाळ बसतो, हे ठीक. पण खळाळावरही तेवढाच बसला, जिथे पाणी गाळाला उभंसुद्धा राहू देत नाही. काठ वर आले. रोपांचे बुंधे वर आले. मग खालच्या पुलाचा काँक्रीटचा पाया पाच मिलिमीटर वर आला, तेव्हा मामा म्हणाले, बाई, पूलपण रोपांच्या वहीत घ्या, चांगला वाढतोय. आम्ही दोघंही हसलो. आणि मी काय केलं असेल? दुर्बिणीत दोष आहे असं धरून सगळे आकडे पाच पाच मिलिमीटरने खाली ओढले, आणि त्याला दुरुस्ती असं नाव दिलं. अहवालावर वरून शेरा आला: काम नेटके. नियम असा आहे की आपली खूण वर्षातून एकदा पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावरच्या सरकारी खुणेशी ताडून बघायची. पहिल्या वर्षी मी ती बघितली. नंतर नाही. आळस म्हणशील तर थोडा होता, किलोमीटरभर दुर्बीण घेऊन पाऊल पाऊल जायचं असतं. पण खरं कारण आळस नव्हे. दुसऱ्या कुणाच्या पायरीत खिळा असता तर मी चार वेळा जाऊन आले असते. घरच्या दगडावर संशय कोण घेणार?

तेवढ्यात पाणी कमी पडायला लागलं. पाचव्या छेदापाशी जेवढं वाहतं तेवढं सहाव्यापाशी येत नव्हतं. निळे गोटेही. एकोणतीस सापडले, अकरा नाहीत, आणि जे नाहीत ते सगळे पाचव्याच्या खाली कधी पोचलेच नव्हते. शेवटी गेल्या महिन्यात मामांना घेऊन मी टाकीपासून घरापर्यंत उंची आणली. सकाळी आठला निघालो, अकराच्या सुमारास पायरीशी पोचलो. मामांनी खिळ्यावर पट्टी ठेवली, मी दुर्बिणीत पाहिलं, वहीत लिहिलं, वजाबाकी केली. मग ती पुसून पुन्हा केली. मामांनी लांबून विचारलं, किती? मी वही मिटली. एकसष्ट मिलिमीटर. ओढा वर आलाच नव्हता, धाकट्या. सगळा ओढा, पूल, झाडं आपापल्या जागी होती. खाली जात होता तो दगड, आणि त्याच्यासोबत आपली मागची खोली. मी जगातली एकच हलणारी वस्तू निवडली होती आणि तीन वर्षं बाकीच्या जगाला हललंस म्हणून ओरडत होते. तर्कशास्त्रात याला काय म्हणतात ते बाबांना विचारलं असतं, पण ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांनी मला बोट ओठांवर ठेवून गप्प केलं.

ती खुर्ची तुला फोनवर दिसली असेल. मागे दार, दारात खुर्ची, खुर्चीत बाबा, तू म्हणालास, म्हातारबुवांनी बरी हवेशीर जागा धरली आहे. सकाळी साडेदहाला ते तिथे बसतात आणि पाऊण तासाने उठतात. त्या दिवशी मीही ऐकलं. जमिनीखालून. धप, धप, धप. मग थांबा. मग पुन्हा तीन.

तू आता डोळे बारीक करशील, म्हणून तुझ्याआधी मीच केले. खाली पोकळी आहे, हे उघड आहे. मोकळ्या झालेल्या ओढ्याला आपलं जुनं वळण सापडलं आहे. चाळीस वर्षांपूर्वीचा राडारोडा तो आतून मूठ मूठ वाहून नेतोय. पोकळीत पाणी शिरलं की हवा कोंडते, सुटते, आवाज होतो. वर पाणी शुद्ध करण्याचं केंद्र आहे, ते दहाला पाणी सोडतं; अर्ध्या तासाने ते आपल्यापर्यंत येतं, म्हणून साडेदहा. हे सगळं मी एका कागदावर मांडलं आणि फार बरं वाटलं. मग रविवार आला. रविवारी केंद्र बंद असतं. साडेदहाला आवाज आला. आईला रविवारची सुट्टी कुठे होती?

बाबांना मी सांगितलं, खोली खचतेय, इथून निघायला हवं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, विद्यार्थ्याचं चुकीचं उत्तर ऐकावं तसं. मग म्हणाले, अगं, एवढा ओढा राखतेस आणि तुला ओळखता येत नाही? चाळीस वर्षं झाकून ठेवली होती तिला. तुम्हीच उघडलंत. म्हटलं, बाबा, ते पाणी आहे. म्हणाले, मी कधी म्हटलं पाणी नाही म्हणून? उठून त्यांनी मागच्या खोलीतली दाराजवळची एक फरशी बाजूला केली. इतक्या सहज, जणू डब्याचं झाकण. खाली काळोख आणि गारवा. मी टॉर्च मारला. पाणी माझ्या उंचीइतकं खाली, संथ, अगदी स्वच्छ, आणि बाजूला भिंतीतून बाहेर आलेले दगड एकाखाली एक, पायऱ्यांसारखे. फरशीच्या कडेला आतल्या बाजूने माझा निळा गोटा होता. सतरा नंबरचा. वजन दीड किलो. पाण्याने गोटा पुढे नेलेला मी शेकडो वेळा पाहिलाय. पुरुषभर वर आणून कडेला नीट टेकवून ठेवलेला नाही पाहिला. बाबा म्हणाले, तुझा आहे, घे. तिला कळलं तुझा आहे ते.

सतरा नंबर आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. मी त्याची नोंद केली: सापडला, जागा अनिश्चित. नोकरीत पहिल्यांदा मी अनिश्चित हा शब्द वापरला.

बाबांना समजवायचं म्हणून मी माझी खोली सोडून इथे राहायला आले. हे मी तुला फोनवर सांगितलं होतं, आणि तू म्हणालास बरं केलंस. इथे आल्यावर काही बारीकसारीक गोष्टी लक्षात आल्या. मी घेऊन दिलेल्या वॉशिंग मशीनवर बाबांनी वर्तमानपत्रांची रद्दी रचली आहे, तारखा पाहिल्या तर खालचं वर्तमानपत्र गेल्या वर्षीचं निघालं. बाबा धोब्याकडे जात नाहीत. आणि बाबांचे सदरे फार स्वच्छ असतात. कॉलरला मळाची रेघ नाही. मी विचारलं नाही. तू म्हणशील ताई आणि विचारणार नाही, अशक्य! पण नाही विचारलं. त्यांच्या बोटांकडे मात्र पाहिलं. ती पांढरट आणि सुरकुतलेली होती. म्हातारपण, असं म्हटलं.

साडेदहाला मी ऑफिसात असायला हवं. पहिले दोन दिवस मी गेलेही. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आवाजाची वेळ घड्याळ लावून मोजू, कामाचंच आहे. खुर्चीशेजारी स्टूल घेतलं. तीन आणि थांबा, तीन आणि थांबा. थांबा बरोबर कपडा उलटवायला लागतो तेवढा. मग घड्याळ लावायचं राहून गेलं. मामा दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा दाराबाहेरच उभे राहिले, आत या म्हटलं तर म्हणाले, नको बाई, तुमच्या घरात गार वाटतंय. शहाणा माणूस. जाताना म्हणाले, बाई, खिळा पुन्हा बघायचा का? मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. तो आठवडाही गेला.

तर आता सिद्धांत. सोबतचे सोळा कागद म्हणजे माझा अहवाल. त्यात लिहिलं आहे की हे घर तातडीने रिकामं करावं, आणि खालची पोकळी सिमेंट दाबून कायमची भरावी. खाली माझी सही आहे. सहीखालची तारीख बघ: बावीस दिवसांपूर्वीची. तेव्हापासून तो माझ्या पिशवीत आहे, कारण सिमेंट भरलं की आवाज थांबेल. परवा सकाळी मी माझी निळी ओढणी त्या फरशीजवळ ठेवली. का, ते विचारू नकोस, फक्त ठेवली. काल ती मागच्या दोरीवर वाळत होती, आई घालायची तशी तिहेरी घडी करून टाकलेली. बाबा म्हणाले, मी नाही. मीही नाही, असं मला वाटतं. पण ती घेताना मी माझ्या हातांकडे पाहिलं, आणि बोटं पांढरी पडून सुरकुतली होती, बराच वेळ पाण्यात असल्यासारखी. आणि गुडघ्यांना ओला गाळ होता. मला भीती वाटायला हवी होती. मला वाटलं, चला, आज कपडे मोजायचे राहिले नाहीत. म्हणून हे पत्र, फोन नाही. फोनवर मी अगदी शहाण्यासारखी बोलते, तू ऐकलंच आहेस. अहवालाची दुसरी प्रत मी ठेवलेली नाही. ही पोस्टात पडली की मला फाडता येणार नाही, म्हणून चालत जाऊन टाकते आहे. मिळताच निघ. आधी हे कागद माझ्या ऑफिसात दे, मग घरी ये. पुढच्या दाराने ये, दुपारी ये, साडेदहाला येऊ नकोस. तिचा आवाज तुला आठवत नाही हे मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तू त्या स्टुलावर माझ्यापेक्षा लवकर बसशील. बाबा निघायला नाही म्हणतील, ते तू हाताळशील. पण गाडीत जागा दोघांची ठेव. मी दारातून हसत म्हणेन, तू बाबांना घेऊन पुढे हो, माझं थोडं मोजायचं राहिलंय, मी मागून येते. म्हणेन, अरे, मी पूर्ण शुद्धीवर आहे. ते वाक्य ऐकलंस की काय करायचं, हे जगात तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

हे लिहीपर्यंत तरी जागी असलेली,
तुझीच
ताई